वाजतंय काहीतरी

दुकानात आल्यावर त्या लगेच बोलत नसत. सायकल स्टँडवर लावायच्या, पदर खोचून खाली वाकायच्या, हातानं पायडल मारून मागचं चाक जोरात फिरवायच्या आणि डोळे मिटून कान चाकाजवळ न्यायच्या. चाक थांबेपर्यंत तशाच राहायच्या. मग सरळ होऊन म्हणायच्या, "भाऊ, वाजतंय काहीतरी."

मी म्हणायचो, "काय न्हाई वाजत, सिस्टर. गेल्याच बाजाराला ग्रीस भरलंय."

"वाजतंय."

मग मी चरफडत चाक उघडायचो. आत बेअरिंगचा एखादा छर्रा फुटलेला निघायचा, नाहीतर आसाचा कोन घासलेला. दर वेळी. तीस वर्षं जुन्नरच्या पेठेत सायकली दुरुस्त केल्या, पण माझा कान पकडणारं गिऱ्हाईक हे एकच. तुमच्याही गावात अशी एक सिस्टर असेल, उपकेंद्रातली, पांढऱ्या साडीतली, कॅरिअरला लशींचा डबा बांधून वाड्यावस्त्या फिरणारी. तिचं नाव बहुतेकांना माहीत नसतं. सिस्टर म्हटलं की झालं. आमच्या सिस्टरांचं नाव मला माहीत होतं, पण मीही कधी त्या नावानं हाक मारली नाही, त्यामुळे आता लिहितानाही ते हाताला येत नाही.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. त्यांची पहिली नेमणूक आण्याच्या पठारावर होती. राहायला घाटाखाली, काम घाटावर. लशी बर्फात ठेवून न्यायच्या आणि बर्फ वितळायच्या आत वर पोचायचं. एसटीचा भरवसा नाही. म्हणून त्या साध्या लेडीज सायकलीवर, अर्धा घाट ढकलत आणि अर्धा चालवत जायच्या. वर्षभरात ढकलणं बंद झालं. "मला शिकवलं ते बर्फानं," असं त्या पुढं सांगायच्या.

एका यात्रेला पोरांची सायकल शर्यत घाटातून लावली होती. मी पंक्चरचं सामान घेऊन मधल्या वळणावर बसलो होतो. पोरं जीव काढत चढत होती, आणि मागून पांढरी साडी. सिस्टरांना शर्यतीचं काही ठाऊक नव्हतं. त्या निघाल्या होत्या ड्यूटीवर. एकेका पोराच्या शेजारून, घंटी वाजवून, त्या पुढं जात राहिल्या. पंचांपैकी एक जण भोंग्यावरून ओरडला, "ओ बाई, बाजूला व्हा! शर्यत चाललीय हितं!"

सिस्टर न थांबता म्हणाल्या, "मग चालवा की."

मी अकरा पोरं मोजली त्या दिवशी. संध्याकाळी त्या दुकानात आल्या तेव्हा मी ते सांगितलं. त्यांनी नेहमीसारखं चाक फिरवून ऐकलं आणि मग हळूच विचारलं, "भाऊ, बायकांच्या असतात का हो शर्यती?"

असतात, पुण्यात असतात, एवढंच मला ऐकून माहीत होतं. पण पुण्याच्या जुन्या बाजारातून वाकड्या हँडलची रेसिंग सायकल मीच शोधून आणली. नुसता सांगाडा होता तो. चिमटा सरळ केला, आरे नवे भरले, चाकांचा आऊट, म्हणजे डुगडुग, काढायला दोन दिवस घातले. सीट त्यांच्या उंचीची केली. सायकल हातात दिली तेव्हा त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? घंटी मागितली.

"रेसला घंटी नसती, सिस्टर."

"मग पुढच्या माणसाला कळणार कसं?"

पुण्यातल्या पहिल्या शर्यतीत त्या खरंच घंटी लावून गेल्या. ओढणी कमरेला बांधलेली, पायात कापडी बूट. वळणावर हात दाखवला, पुढच्या मुलीला घंटी दिली, आणि सगळ्यात शेवटी आल्या. कॉलेजच्या मुली हसल्या असतील. सिस्टर मात्र परत आल्या त्या डोळ्यांत चमक घेऊनच. त्या मुली एकमेकींच्या चाकाला वीतभर अंतरावर चाक लावून कशा जातात, पुढची वारा कशी कापते, मागची कशी दम राखते, हे त्यांनी मला दुकानातल्या दोन स्टुलांवर करून दाखवलं. पुढच्या खेपेला ओढणी साखळीत अडकली आणि गुडघा, कोपर, हनुवटी सोलवटून आल्या. स्वतःच मलमपट्टी केली होती. मी हळहळलो, तर म्हणाल्या, "बरं झालं. इतकी वर्षं लोकांना म्हणते, काही नाही, थोडं झोंबेल. आता कळलं किती झोंबतं ते."

असं करत करत त्या शिकल्या. घंटी गेली, ओढणी गेली, अंगात सदरा आणि पँट आली. महिन्या-दोन महिन्यांतून एखादी रजा काढायची, पहाटेच्या एसटीच्या टपावर सायकल टाकायची आणि जायचं. कधी सातव्या, कधी पाचव्या. घरी फक्त म्हातारे वडील होते. ते म्हणायचे, "पाचवी आली का? पुढच्या चौघींचं काय चुकलं ते बघ." हा काय सल्ला आहे, हे मला अजून उमगलेलं नाही, पण सिस्टरांना तो पटायचा.

नंतर त्यांची बदली आंबेगाव तालुक्यात झाली, डिंभ्याच्या बाजूला. तरी बाजाराच्या दिवशी सायकल घेऊन त्या माझ्याकडंच यायच्या. त्यांच्या उपकेंद्राखाली जी गावं होती, त्यांतल्या एका गावात माझी धाकटी बहीण दिलेली आहे. इथून पुढचं सांगताना मला जरा जड जातं, पण ते वगळलं तर सिस्टर कळायच्या नाहीत.

सिस्टर बौद्ध. वडिलांनी तरुणपणीच धर्म घेतलेला. माझ्या बहिणीचं सासर जुनं शेतकरी घर, बागायत असलेलं, मानाचं. बहिणीची सासू म्हणजे घरातला शेवटचा शब्द. सिस्टर घरोघर जायच्या, पोरांना लशी द्यायच्या, गरोदर बायांच्या नाडीला हात लावायच्या. त्याला कुणाची ना नव्हती. पण चहा द्यायची वेळ आली की ओसरीच्या कोनाड्यात ठेवलेली एक कानतुटकी कपबशी खाली यायची. चहा वरून ओतायचा. पिऊन झाला की सिस्टरांनी ती स्वतः विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायची. कुणी तसं तोंडानं सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही, हेच त्यातलं वाईट.

मी स्वतः पाहिलंय हे. भाऊबीजेला गेलो होतो. मी आत पाटावर आणि सिस्टर बाहेर ओसरीच्या कडेला. मी काही बोललो नाही. माझ्या दुकानात त्यांना हॉटेलच्या ग्लासातून चहा यायचा, म्हणून मी स्वतःला सुधारलेला समजत होतो. हॉटेलचा ग्लास सगळ्यांचाच असतो, त्यात माझी काय मर्दुमकी?

बहिणीच्या दुसऱ्या बाळंतपणात बाळ आडवं आलं. भर दुपारी, गावात वाहन नाही, एसटी गेलेली. सिस्टरांनी सायकल काढली आणि घोडेगाव गाठलं, जीप घेऊन आल्या, तिला दवाखान्यात पोचवलं. आज माझा तो भाचा बापाच्या खांद्याला लागलाय. बारशाला सिस्टरांना बोलावणं गेलं. त्या आल्या, बाळाला पाळण्यात बघितलं, आणि चहा आला तो कोनाड्यातल्या कपबशीतून. त्यांनी प्यायला, विसळली, ठेवली. बहीण त्या दिवशी मोरीत जाऊन रडली, असं तिनं मला सांगितलं. पण सासूपुढं बोलायची हिंमत तिची झाली नाही. माझी तरी कुठं झाली?

सिस्टरांना मी एकदा आडून विचारलं होतं. म्हणालो, "सिस्टर, तुमाला राग येत न्हाई का हो?"

त्या चाकाला कान लावून होत्या. उठल्या आणि म्हणाल्या, "येतो. म्हणून तर सायकल पळते."

मग ते वर्ष आलं. जिल्ह्याच्या संघासाठी बायकांची निवड व्हायची होती. शर्यत मंचरहून सुटणार, घोडेगाववरून डिंभ्याच्या धरणापर्यंत जायचं, तिथं ठेवलेल्या पिंपाला वळसा घालून परत घोडेगावात यायचं. पहिल्या तिघी संघात. वयाची अट होती आणि सिस्टरांचं ते शेवटचं वर्ष होतं. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र दुकानात बसून म्हणाल्या, "भाऊ, एकदा तो संघाचा सदरा अंगात घालायचाय. पाठीवर जिल्ह्याचं नाव असतं. पांढऱ्या साडीवर काहीच नसतं लिहिलेलं."

आणि रस्ता तर त्यांचा रोजचा! कुठं खड्डा, कुठं वाळू, कुठल्या वळणावर वारा समोरून येतो, सगळं पाठ. पुण्याच्या मुलींना हे कुठून ठाऊक असणार? मी सायकल पुन्हा सगळी उघडली, बसवली. शर्यतीच्या आदल्या दिवशी सामान घेऊन घोडेगावला आलो आणि तसाच पुढं बहिणीकडं जाऊन टेकलो.

इथं माझी जीभ सुटली. ओसरीवर चार-पाच बायका जमल्या होत्या. मी छाती फुगवून सांगितलं, "उद्या साडेनवाच्या सुमाराला बघा. धरणाकडून परत येताना तुमच्या वेशीवरून पयली सायकल जाईल ती सिस्टरची. माझ्या हातची सायकल हाय, राव!"

सासू आत तांदूळ निवडता निवडता ऐकत होत्या.

शर्यतीच्या दिवशी मी माझ्या एम-एटी गाडीवर पंक्चरचं सामान बांधून मागून होतो. सिस्टर घोडेगावापर्यंत घोळक्यात राहिल्या. पुढं चढाचा रस्ता लागला तशा एकेक मुली सुटत गेल्या. धरणाच्या पिंपाला वळसा घातला तेव्हा सिस्टर एकट्या पुढं होत्या. मागच्या चौघी दिसतही नव्हत्या. मी मागून ओरडत होतो, काय ओरडत होतो ते माझं मलाच कळत नव्हतं. मध्येच गाडीचा प्लग कचरा धरून बसला आणि मी मागं पडलो.

प्लग पुसून, किक मारून मी वेशीशी पोचलो तेव्हा पाहिलं ते असं. सिस्टर रस्त्याच्या मधोमध, सायकलीवरून उतरून उभ्या. पुढं पंधरा-वीस बायका, आणि त्यांच्यापुढं बहिणीची सासू, हातात ओवाळणीचं ताट. निरांजन विझलेलं. धरणावरून वारा सुटलेला. बहिणीच्या सासऱ्यांनी बंडीच्या खिशातून काड्यापेटी काढली होती. एक काडी पेटली, विझली. दुसरी पेटली, विझली. बायकांनी पदर आडवे धरले होते.

"अहो, आटपा!" मी गाडीवरूनच बोंब मारली. "शर्यत चाललीय! नुसतं कुंकू लावा न् सोडा!"

एक बाई माझ्यावरच डाफरली, "इझल्या दिव्यानं ववाळत्यात व्हय कुणाला?"

ओवाळायला काढलेलं ताट तसंच मागं न्यायचं नसतं, विझल्या दिव्यानं ओवाळायचं नसतं. हे त्यांना जेवढं पक्कं ठाऊक होतं, तेवढीच शर्यत ठाऊक नव्हती. पाच मिनिटं थांबल्यानं काय बिघडतं, असंच त्यांना वाटतंय, असं मी धरून चाललो.

सिस्टरांनी माझ्याकडं न बघता एक हात वर केला. थांबा, असा. त्या वाकून म्हातारीशी काहीतरी बोलल्या. मला ऐकू आलं नाही. निरांजन लागलं. म्हातारीनं ओवाळलं, कुंकू लावलं. सिस्टर कधी कुंकू लावत नसत, त्यांच्या घरात ते नव्हतंच. पण त्यांनी मान खाली केली. मग म्हातारीनं घरातलं पितळी फुलपात्र पुढं केलं. घरातलं, रोजच्या पिण्याचं. सिस्टरांनी ते तोंडाला लावलं आणि सगळं पाणी प्यायल्या. तेवढ्यात मागून दोघी आल्या आणि बायकांच्या कडेनं सुळकन निघून गेल्या. मग तिसरी. मग चौथी.

सिस्टर सायकलीवर बसल्या. त्यानंतर त्यांनी सायकल जी मारली ती मी पाहिली आहे. चौथीला गाठलं, मागं टाकलं. घोडेगावच्या वळणावर तिसरी हाताच्या अंतरावर होती. पण रस्ताच संपला.

चौथ्या आल्या. पंचांनी नाव लिहिलं आणि खाली रेघ ओढली ती तिसऱ्या नावाखाली.

झाडाखाली त्या बसल्या होत्या. घामानं कुंकू नाकावर ओघळलं होतं. मी पाण्याची बाटली दिली. दोन घोट घेऊन त्यांनी विचारलं, "भाऊ, बायकांना वेळ कुणी सांगितली हो?"

मी म्हणालो, "काय की. रेडिओवर सांगितलं असंल."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "असंल."

पुढच्या बाजाराला त्या दुकानात आल्या. मी मान खाली घालून उगीच एक ट्यूब घासत बसलो. त्यांनी सायकल स्टँडवर लावली, चाक फिरवलं, कान लावला. चाक थांबलं. म्हणाल्या, "आज काही नाही वाजत, भाऊ." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला हायसं वाटलं. मूर्खासारखं हायसं वाटलं.

त्यानंतर त्या शर्यतीला गेल्या नाहीत. सायकल मात्र सुटली नाही. वाकड्या हँडलच्या त्या सायकलीला त्यांनी माझ्याकडून कॅरिअर बसवून घेतलं आणि लशींचा डबा बांधून तिच्यावरूनच फिरल्या. रेसिंग सायकलला कॅरिअर लावताना माझ्या जिवावर आलं होतं. त्या म्हणाल्या, "लावा हो. तिलाही काम पाहिजे." वडील गेले. मोबाइल आले, दारोदार मोटारसायकली आल्या, माझ्या दुकानात पंक्चरला लहान मुलांच्या सायकली तेवढ्या उरल्या. सिस्टर येत राहिल्या, चाक फिरवत राहिल्या, वाजतंय म्हणत राहिल्या. मग पोटाचं दुखणं निघालं. पुण्याला भावाकडं गेल्या. तिथंच त्या वारल्या, आमच्याकडं कळलं ते आठ दिवसांनी. दुसऱ्यांची इतकी बाळंतपणं केली, आणि त्यांच्या मातीला यायला आम्हा कुणालाच जमलं नाही.

मी बहिणीकडं गेलो. घरात सुतक धरल्यासारखी शांतता होती. सासू आता अंथरुणाला खिळलेल्या, पण त्यांनी विचारलं, "सिस्टर जेवती का रं आता?" सिस्टर गेल्याचं त्यांना सांगितलंच नव्हतं. मी ओसरीवर बसलो. कोनाड्याकडं नजर गेली. तिथं बॅटरीचे सेल आणि एक कंगवा होता.

"ती कपबशी?" मी विचारलं.

"शर्यतीच्या दिवशीच उकिरड्यावर गेली," बहीण म्हणाली. "आत्यांनीच टाकली."

मग मी म्हणालो, जे इतकी वर्षं गिळून बसलो होतो ते. "माझ्यामुळं त्यांची निवड गेली. मीच सांगितलं व्हतं ना तुमाला वेळ."

"सिस्टरला म्हाईत व्हतं की ते."

"कसं काय?" मी विचारलं.

"वेशीवरच सांगितलं आमी, दादानं सांगितलं म्हणून. आत्यांचा दिवा लागंना, तवा आत्या म्हणल्या, जा बाई तू, तुझी शर्यत जाईल. तर सिस्टर म्हणल्या, सावकाश लावा, आजी. मला घाई न्हाई." बहिणीनं पदर डोळ्याला लावला. "पुढच्या आठवड्यात आल्या तवा चुलीपाशी बसून च्या पिल्या. लई हसल्या. म्हणल्या, तुमच्या दादाला इचारलं, तर म्हणले रेडिओवर सांगितलं. त्यांना बोलू नका कुणी. मनाला लावून घेतील आन् माझी चाकं वाकडी बांधतील."

मला घाई नाही. ज्या शर्यतीसाठी त्या माझ्यासमोर पहिल्यांदा काही मागत्या झाल्या, त्या शर्यतीच्या मध्यात उभं राहून हे म्हणाल्या. आता कुणी म्हणेल, गावानं केवढा मान दिला. मला तसं म्हणवत नाही. घोटभर पाण्याचं फुलपात्र द्यायला आम्ही इतकी वर्षं लावली आणि दिलं ते नेमकं त्या दिवशी. लाज आमची होती, किंमत त्यांनी मोजली. आणि झाडाखाली बसून त्यांनी मला विचारलं ते माहिती काढायला नव्हे. मला बोलायची एक संधी दिली होती. मी रेडिओ पुढं केला.

महिन्याभरानं त्यांच्या भावानं सायकल दुकानात आणून टाकली. "तुमीच ठेवा," म्हणाला. तो गेल्यावर मी ती स्टँडवर लावली. खाली वाकलो, आता गुडघे वाकत नाहीत तरी वाकलो, पायडल मारलं आणि कान चाकाजवळ नेला. डोळे मिटले. चाक बराच वेळ फिरलं. थांबलं तेव्हा मी म्हणालो, "रेडिओवर नव्हतं सांगितलं, सिस्टर. मीच सांगितलं व्हतं."

दारात एक गिऱ्हाईक उभं होतं, पोराची छोटी सायकल घेऊन. ते म्हणालं, "काय झालं, भाऊ?"

"काय न्हाई," मी म्हणालो. "वाजतंय काहीतरी."